मेरेवरून

“बंदूक खंय आसा तुझी? मत देवक गेली ती थंयच रवली काय रे?”

धोंडू खालच्या गडग्यापाशी उभा राहून ओरडला आणि वर मोठ्याने हसला. अंगणात उभ्या असलेल्या सत्यवानाची मान ताठ झाली. दारात उभ्या त्याच्या बायकोला, आनंदीला, ती मान ओळखीची होती.

दिवस उजाडला तोच वाईट. घरासमोरच्या खाचरात, कापणीला आलेल्या भातात, रात्री रानडुकरे शिरली होती. लोळून लोळून त्यांनी अर्धा कुणगा झोपवला होता. कुणग्याच्या टोकाचा, सत्यवानाच्या आणि चुलतभाऊ धोंडूच्या जमिनीमधला दगडी गडगा बैलजोडी जाईल एवढा फुटला होता. दगड धोंडूनेच काढले, असे सत्यवानाने अंगणातून बघूनच ठरवून टाकले. तेव्हापासून दोघांची तोंडे चालू होती. आता त्यात हे बंदुकीचे.

सत्यवान वळला. आनंदीला बाजूला सारून तो घरात शिरला आणि त्याचा उजवा हात, न बघताच, भिंतीवरच्या खुंटीकडे गेला.

खुंटीवर काहीच नव्हते. निवडणूक जाहीर झाली तेव्हा गावातल्या साऱ्या परवान्याच्या बंदुका मालवणच्या पोलीस ठाण्यात जमा झाल्या होत्या. सत्यवानाने आपली स्वतःच नेऊन दिली होती. त्याला महिना होऊन गेला, पण हाताला ते ठाऊक नव्हते.

हात तसाच वर राहिला. आनंदीने तो पाहिला. सत्यवानानेही पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मग तो मागच्या दारी गेला. तिथे कोयता होता.

“अवो, खंय जातास?”

कोयता उचलून तो अंगणात उतरला. आनंदी अनवाणीच त्याच्या मागे धावली.

अंगणातून गडगा समोरच होता, नाकासमोर. पण मध्ये कुणगा होता आणि त्यात उरलेले भात उभे होते. सत्यवान काठाशी क्षणभर थांबला आणि बाजूच्या मेरेवर, बांधावर, चढला. इतक्या रागातही उभे पीक तुडवणे त्याच्या पायांना जमले नाही.

मेर अरुंद. दवाने निसरडी झालेली. ती सरळ जात नाही, प्रत्येक कुणग्याला वळसा घालत जाते. सत्यवानाचा पाय एकदा सरकला. तो सावरला, पुढे गेला. पुन्हा सरकला आणि या वेळी एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. आनंदीने त्याचे कोपर धरले. शिवी हासडत त्याने पाय उपसला, पण तिचा हात झटकला नाही. तिनेही सोडला नाही.

ते गडग्याशी पोचले तेव्हा धोंडू हसत नव्हता. त्याचा हात कमरेच्या आकडीकडे, आपल्या कोयत्याकडे गेला होता.

सत्यवान त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. धोंडूचा कुणगा घरून दिसत नसे, तो उतारावर होता. तिथे तर एक लोंबी उभी नव्हती.

“तुझाय खाल्ल्यानी?” सत्यवानाने विचारले.

“मगे? माका सोडतले? डुकरां काय माझी सोयरी?”

“आणि गडगो?”

“तेंनीच पाडल्यानी. हयसर बघ, दगडाक केस चिकाटले आसत.”

सत्यवान वाकला. दगडाला चिखल होता आणि चिखलात राठ, काळे केस. त्याने ते बोटाने खरवडून पाहिले. मग कोयता बाजूला ठेवून त्याने तोच दगड उचलला आणि गडग्यावर रचला.

ऊन वर आले तेव्हा निम्मा गडगा उभा राहिला होता. आनंदीने चहा आणून दिला. तेवढ्यात गावचे पोलीसपाटील, नाना, वाटेने आले.

“सत्यवाना, निकाल लागले. ठाण्यातसून निरोप इलो. बंदूक घेवन ये.”

“जा रे दादा, आजच आण,” धोंडू म्हणाला. “रात्री परत येतली ती. काल बंदूक आसती तर दोघांचाय भात वाचला असता.”

ते खरे होते. सत्यवानाने अंगणातून एक बार काढला की डुकरे आठ-आठ दिवस या मळ्यात फिरकत नसत.

“नाना, आणखी थोडे दिस ती थंयच रवली तर चलात?” आनंदीने विचारले.

तिघेही तिच्याकडे बघू लागले.

“अगो, परवान्याची बंदूक ती,” नाना म्हणाले. “नंबर आसा, शिक्को आसा. तिका कित्याक भियाचा? काल रात्री डोंगरात बिनपरवान्याची वाजली, ती कोणाची ता शोध बघया. तेका भी.”

सत्यवान पाय धुऊन, कपडे बदलून मालवणच्या गाडीला गेला.

आनंदी सकाळी तो उभा होता तिथे अंगणात येऊन उभी राहिली. गडग्यावर धोंडू एकटाच दगड रचत होता. वाकला की त्याच्या गंजीफ्रॉकचे पाठीवरचे भोक इथून स्पष्ट दिसत होते. खाली मेर वळत वळत गेली होती. गोळीला मात्र मेरेवरून जावे लागत नाही.

तिने परसातली दोरी सोडून आणली, अंगणाच्या कडेच्या दोन माडांना आडवी बांधली आणि ओले लुगडे तिच्यावर टाकले.

“वयनी, थंय सावळी आसा!” धोंडू खालून ओरडला. “सुकात कसा ता?”

“सुकात,” आनंदी म्हणाली आणि त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत लुगडे पसरत राहिली.