नऊ नंबर वॉर्डच्या फर्माइशी

"या फर्माइशी खोट्या आहेत," मॉर्गन म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

पेशंटांसाठी गाणी लावणाऱ्या हॉस्पिटल रेडिओच्या त्या टीचभर खोलीत सगळ्यांचे चहाचे मग हातातल्या हातात राहिले.

हॉस्पिटलला ती खोली हवी होती, मोडक्या खाटा ठेवायला. खोली वाचवायची तर पेशंट खरोखर रेडिओ ऐकतात, हे दाखवून द्यायला हवं होतं. म्हणून मॉर्गन आपणहून आला, तेव्हा रेडिओची प्रमुख डेलिथ हरखली होती. तो दिवसा कार्डिफच्या विमा कंपनीत आकडेमोड करायचा आणि संध्याकाळी तीच अक्कल अशा धर्मादाय संस्थांना फुकट द्यायचा. माणूस हुशार, त्यात शंका नाही. पण हुशार माणसांना एक खोड असते. चूक सापडली की त्यांना गप्प बसवत नाही.

"सगळ्यात जास्त फर्माइशी नऊ नंबरमधून," तो मोठ्या उत्साहानं सांगत होता. "आणि नऊ नंबर म्हणजे पक्षाघाताचा वॉर्ड. निम्म्या लोकांना बोलताच येत नाही. एम्लिन सुट्टीवर तेनेरिफला गेले, तेव्हा तिथून एकही फर्माईश नाही. हे परत आले, की लगेच सुरू!"

"वाचा गेलेली माणसं गाणी मागतात," कोपऱ्यातून कोणीतरी खुसखुसलं. "तीही फक्त एम्लिनकडे. संतच झाला की हा!"

एम्लिननं सत्तरी केव्हाच ओलांडलेली. जन्मभर बस चालवली, बायको गेल्यावर इथे येऊ लागला. दुपारी वॉर्डांतून फिरून फर्माइशी गोळा करायच्या आणि संध्याकाळी माइकवरून वाचून गाणी लावायची, एवढंच त्याचं जग उरलं होतं. बिचाऱ्याचे कान लालबुंद झाले. हातातली टोपी तो नुसती चुरगाळत राहिला.

"खरं का रे हे?" डेलिथनं विचारलं.

"खरं आहे. मीच रचतो." त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तिथं गेलं की माणसं नुसती बघत राहतात गं. काय विचारणार त्यांना? खाटेवरचं नाव वाचतो. भेटायला कोण येतं, ते नर्सकडून काढून घेतो. मग त्यांच्या नावानं एखादं जुनं गाणं लावून देतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, आपलं माणूस आपल्याशी काहीतरी बोललं. चुकलं माझं. चॅपेलमध्ये देवासमोर उभा राहून सांगेन, यापुढे माझ्या तोंडून खोटं एक अक्षर निघणार नाही."

"सगळ्याच खोट्या?" डेलिथ म्हणाली.

"नऊ नंबरच्या सगळ्या. चार वर्षं झाली, मी आलो तेव्हापासून."

इथे मॉर्गनचा चेहरा खर्रकन उतरला.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई, ओल्वेन, याच नऊ नंबरमध्ये होती. त्याआधी कितीतरी वर्षं मायलेकांत अबोला. बापाच्या अंत्यविधीला हा कामाचं निमित्त सांगून आला नाही, ते तिनं कायमचं मनाला लावून घेतलं होतं. तो धावत हॉस्पिटलमध्ये पोचला, तेव्हा तिची वाचा गेली होती. त्यानं हात जोडून माफी मागितली. ती छताकडे बघत राहिली. आणि त्याच संध्याकाळी उशाच्या रेडिओतून आवाज आला, "नऊ नंबरच्या ओल्वेनची फर्माईश, तिच्या लाडक्या मॉर्गनसाठी." खाटेच्या कडेवर डोकं टेकून तो ढसाढसा रडला होता. आईनं माफ केलं! सकाळी ती गेली. त्या एका वाक्याच्या आधारावर तो आजवर जगत आला होता, आणि त्याचेच उपकार फेडायला या खोलीत आला होता. जगाचे आकडे तपासणाऱ्या या माणसानं एवढं एकच कधी तपासलं नव्हतं, की ती हे कोणाला सांगणार तरी कशी?

त्यानं लॅपटॉप मिटला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्याची चारचौघांत अब्रू काढली होती, आणि आता त्याच्याचपुढे हात पसरायचा होता.

"एम्लिन," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी... ओल्वेन म्हणून होत्या. खिडकीजवळ. मुलासाठी गाणं लावलं होतंत तुम्ही. मॉर्गनसाठी. ते... तेही?"

एम्लिननं त्याच्याकडे पाहिलं. कोण बसलंय समोर, ते त्याला हळूहळू उमगत गेलं. त्याचे हात टोपी चुरगाळायचे थांबले.

"ओल्वेन होय!" तो म्हणाला. "छे छे पोरा, तिचं वेगळं. तिनं स्वतः सांगितलं मला, चांगलं खणखणीत. 'माझ्या मॉर्गनसाठी लाव,' म्हणाली, 'आणि विसरलास तर माझ्याशी गाठ आहे.' असा दम भरला बाईनं!"

ओल्वेनला हॉस्पिटलात आणलं त्या दिवसापासून तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता, हे मॉर्गनइतकं कोणाला ठाऊक असणार?

"हो," तो पुटपुटला. "दम द्यायची सवयच होती तिला."

मग खाली गेलेली मान वर न करता तो डेलिथला म्हणाला, "नऊ नंबरमधली एक फर्माईश खरी आहे. तेवढी खरी धर."