पहिलं वर्ष

"आण गं उकळतं, की तिथंच झोपलीस?" वेण्या घालणाऱ्या मान्साने मागे न बघताच हाक दिली.

घानातल्या ताकोराडीच्या मासळीबाजारामागचं ते केसांचं दुकान. वीज गेलेली, पंखा बंद. सकाळपासून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून अराबाची कंबर धरली होती आणि मांडीवरचं बाळ रडून रडून आत्ता कुठे झोपलं होतं. बारीक वेण्या सगळ्या घालून झाल्या होत्या. आता त्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवली की झालं. मग वेण्यांत जोडलेले नकली केस सुटत नाहीत.

एकुआ पातेलं घेऊन खुर्चीशेजारी उभी राहिली. पंधराची असेल. नुकतीच शिकायला लागलेली. वाफ बाळाकडे आली तशी अराबा दचकली.

"अगं, लांब धर! बाळ आहे ना."

एकुआने हात लांबवले. तेव्हा कुठे अराबाला आरशात दिसलं, की पातेल्याला कान नाहीत आणि पोरीच्या हातात फडकंही नाही.

"हिला फडकं दे की."

"फडकं?" मान्साने वेण्यांचा झुबका पाण्यात बुडवला आणि कोपऱ्यात बसलेल्या दोघी कारागिरणींकडे पाहिलं. "ऐकलंत का गं, आमच्या एकुआ राणीसाहेबांना फडकं हवंय!" त्या खिदळल्या. "अहो ताई, मला कुणी दिलं होतं? पहिलं वर्ष असंच धरायचं असतं. बोटं मेली की मगच वेणी घट्ट बसते. माझा हात आवडतो म्हणून तर येता ना इतक्या लांबून?"

ते खरंच होतं. अराबाने आरशातून दुकानभर नजर फिरवली.

"मॅडम कुठायत? दुकान त्यांचं ना? मी त्यांनाच विचारते."

"विचारा की. माझी बोटं त्यांच्याच हाताखाली मेली."

अराबा रागाने वळली. मान्साच्या हातातला झुबका निसटला, अर्धा ओला, अर्धा कोरडा. "राहू दे. माझ्या वेण्या नको बुडवू."

"आणि आठवड्यात सुटल्या की गावभर आमचं नाव खराब? बसा बघू."

पातेलं थरथरलं. थोडं पाणी एकुआच्या मनगटावर सांडलं. ती अराबाच्या कानाशी वाकली.

"ताई, मान हलवू नका ना," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्ही हललात की मला जास्त वेळ धरावं लागतं."

अराबाने मान सरळ केली. झोपेत चाळवणारा बाळाचा हातही तिने धरून ठेवला.