बारावा छर्रा

"झाला," रत्नप्रभा म्हणाली आणि चिमटीत धरून तिने डिफरन्शियल फिरवून बघितला.

खाटेवर पडलेल्या तिच्या नवऱ्याने, धाकूने मान वळवली. "करकरतोय गो."

"कुठे करकरतोय? बरोबर तर आहे."

"मला इथपर्यंत ऐकू येतंय."

तिने पुन्हा फिरवला. बोटांना काहीच लागलं नाही.

शनिवारची दुपार होती. विक्रोळी पार्कसाइटच्या त्या चाळीखाली लालवाणी गाडीत बसून वाट बघत होता. रिमोटवर धावणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतींचं त्याला वेड. उद्या सकाळी अंधेरीत शर्यत होती. मोटार जपानची, पण तिचा डिफ खोलून नीट बसवणारं माणूस त्याला अख्ख्या मुंबईत एकच सापडलं होतं: चौदा वर्षं मीटरच्या कारखान्यात असेंब्लीला असलेली आणि कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेली रत्नप्रभा. मोटार वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरावं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये हा डिफ. एका गिअरला गोलाकार बारा भोकं, प्रत्येक भोकात बाजरीच्या दाण्याएवढा पोलादी छर्रा, दोन्ही बाजूंनी चकत्या आणि आरपार एक स्क्रू. तो स्क्रू किती आवळायचा, हे बोटांनाच कळायचं.

तिने स्क्रू काढला. परातीत पांढरं फडकं अंथरलेलं होतं, त्यावर चकती उचलून ठेवली. ग्रीसमधले छर्रे मोजले. अकरा. एक भोक रिकामं.

"वाट लागली. एक पडला कुठेतरी."

"दुसरा नाही?"

"मोजून बाराच दिलेत त्याने. इथे मिळत नाहीत."

धाकू उठला. दोघांनी फडकं झटकलं, चटई उचलली, ट्रंक सरकवली. रत्नप्रभा उजव्या हातात टॉर्च घेऊन डाव्या हाताने फरशी चाचपत मोरीपर्यंत गेली. खाली हॉर्न वाजला. ती गॅलरीत जाऊन "पाच मिनिटं!" म्हणून ओरडली आणि परत येऊन गुडघ्यांवर बसली. स्टोव्हच्या मागे बघायला तिने टॉर्च डाव्या हातात घेतला.

"थांब," धाकू म्हणाला. "हात दाखव."

छर्रा तिच्या तर्जनीच्या पेरात रुतून बसला होता. इतका वेळ ती त्याच बोटाने टॉर्च दाबून धरून होती. धाकूने तो नखाने उचलला. खाली गोल खळगा पडला होता.

"बघा! आणि मी घर पालथं घातलं," ती हसत म्हणाली.

धाकू हसला नाही.

तिने चिमट्याने छर्रा घेतला, डोळे अगदी जवळ नेऊन भोकात बसवला, चकती ठेवली, स्क्रू आवळला. फिरवला. फिरवतच राहिली. मग डिफ धाकूपुढे धरला.

"तुम्ही बघता जरा?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"करकरतोय का, तेवढंच सांगा."

त्याने फिरवला. "नाही."

"दोन्ही बाजू घट्ट धरा. मधला गिअर सरकतो?"

"नाही."

"मग बरोबर आहे." ती ग्रीसचे हात पुसायला लागली. एकेक बोट, सावकाश.

"कधीपासून?" धाकूने विचारलं.

"काय कधीपासून?"

"रत्ना."

ती फडक्याकडे बघत म्हणाली, "गणपतीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही गेल्या. बारीक काम करून होत असेल."

त्याने तिचं मनगट धरलं आणि बांगड्या वर सरकवल्या. खाली रुपयाएवढा फिकट डाग होता. तिने हात ओढून घेतला नाही.

"नाक्यावरच्या भिंतीवर रंगवलंय ते वाचलंस?"

"रोज वाचते. बधिर चट्टा, तपासून घ्या." तिने बांगड्या खाली ओढल्या. "महारोगच ना? म्हणा की."

"आता गोळ्या आहेत. बरा होतो, असंही लिहिलंय तिथे."

"दवाखान्यात नाव लिहून घेतात. मग घरी येतात विचारायला. चाळीत कळलं की नळावर उभं करील कोणी? गावच्या बाबल्याला आठवा. गोठ्यात ठेवला होता. त्याची आईसुद्धा जेवण काठीने पुढे ढकलायची."

"ते गाव. ही मुंबई."

"बरं, घेतल्या गोळ्या. रोग गेला. बोटांतलं गेलेलं परत येतं का, ते लिहिलंय भिंतीवर?"

धाकू उठला, फळीवरचा शिवणाचा डबा काढला आणि सुई घेऊन तिच्यासमोर बसला.

"नसेलही तसं काही. डोळे मीट. लागलं की सांग."

तिने डोळे मिटून दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. आधी त्याने डाव्या हाताला सुई लावली.

"लागली. ही पण लागली. अहो, हळू, जोरात लागली!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.

मग त्याने उजवा हात आपल्या हातात घेतला. तर्जनीला सुई टेकवली. थोडी दाबली. तिच्या तोंडाकडे बघत आणखी दाबली. रक्ताचा थेंब वर आला आणि पेरावरून खाली ओघळला. धाकूने तो आपल्या अंगठ्याने पुसला. दुसरा आला, तोही पुसला.

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

"तो वर येईल आता," डोळे तसेच घट्ट मिटून रत्नप्रभा म्हणाली. "घाबरताय काय एवढे? टोचा ना."