वैजयंतीच्या नावाची खाट

अपघात विभागातल्या, आवाजावरून रुग्ण तपासणाऱ्या यंत्राने शेवंता काळेचा आवाज ऐकला आणि खाटेचे पट्टे तिच्या मनगटांवर करकचून आवळले. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आक्रमक. उपचारांआधी बंदोबस्त.’

“अहो, ती कुणाला मारत नाहीये!” तिचा भाऊ रतन ओरडला. “दोन महिने गप्प होती. मागच्या खेपेनंतर आज पहिल्यांदा बोलली.”

शेवंता बोलली होती ती आपल्या पारधी बोलीत. रखवालदारांनी रतनला भिंतीवर आपटलं, एकाने गुडघ्यावर दंडुका हाणला. ते पाहून शेवंता धडपडली, तसे पट्टे आणखी रुतले आणि तिच्या मनगटातून रक्त आलं. वर्षातली ही चौथी खेप होती. दर वेळी हेच झालं होतं.

“काय म्हणाली ती?” परिचारिका वैजयंती देवधरने विचारलं.

“ताई, ती म्हणाली, ‘मला जगावंसं वाटत नाही, मला धरून ठेवा.’”

वैजयंती यंत्राजवळ गेली आणि तेच वाक्य आपल्या मराठीत, संतापून, ओरडून म्हणाली. हिरवा दिवा लागला: ‘तीव्र नैराश्य. तातडीने दाखल करा. रुग्ण: वैजयंती देवधर.’

तिने कात्रीने पट्टे कापले. रतनला पोलीस घेऊन गेले.

वैजयंतीच्या नावाच्या खाटेवर शेवंताने अकरा दिवस औषधं घेतली. ती जेवू लागली, झोपू लागली. घरी जाताना तिने वैजयंतीचं नाव छापलेल्या कागदावर सही केली: शेवंता काळे.

ती सही पाहताच दाराशी रखवालदार दंडुके घेऊन उभे राहिले.