कोपऱ्यातली लेक

"आवाज तर येतोय की!" टीव्हीवर बातम्या लागल्या की तात्या सवयीनं म्हणायचे आणि लगेच जीभ चावायचे. आवाज फक्त त्यांच्यापुरता होता. जन्मापासून ऐकू न येणारी त्यांची बायको शेवंता पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला डोळे लावून बसायची. तिथं दोघांची लेक हातांच्या खुणांनी बातम्या सांगायची. पण डोंगराआडच्या या गावात चित्राचे चौकोन व्हायचे आणि लेकीची बोटं नेमकी त्यात विरून जायची.

आज तात्यांनी तालुक्याहून सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला आणि अँटेनाच्या वायरला जोडला. चित्र थरथरलं आणि लख्ख झालं. धरणाचं पाणी, कांद्याचे भाव, कबड्डीचा सामना, अवघं जग त्या दहा बोटांवर नाचू लागलं. शेवंता श्वास रोखून वाचत होती. तात्या आ वासून बघत राहिले.

बातम्या संपल्या. नमस्कार करून लेकीनं हळूच नाकपुडीला बोट लावलं.

तात्या दचकले. नाकात चमकी घालणारी, म्हणजे आई! लेकीची लहानपणची, फक्त या घरातली खूण. म्हणजे पोर रोज हाक मारत होती?

शेवंतानं पाचही बोटं जुळवून ओठांकडे नेली आणि पडद्याला विचारलं, 'जेवलीस का?'