सासऱ्याचं नाव

सासरे कठडा ओलांडून पलीकडे गेलेत, हे बुरुलला दिसलं तेव्हा सासूबाई रांगेत उभ्या होत्या. डोंगरावर एक गुळगुळीत दगड आहे. त्याच्यावरून घसरलं की कंबरदुखी जाते, म्हणून बायका तिथे तास तास उभ्या राहतात. त्यात आज शुक्रवार. अर्धं ओश शहर डोंगरावर लोटलेलं आणि उरलेलं अर्धं खाली उन्हात भाजत पडलेलं.

"बाबा!" बुरुलनं हाक मारली.

पायऱ्यांवरच्या तीन-चार म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. सासऱ्यांनी नाही पाहिलं. ते कसे पाहणार? आपल्याला बायको आहे, मुलगा आहे, सून आहे, हे सगळं गेल्या हिवाळ्यातच त्यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. ते आता बकऱ्या राखणारं पोर झाले होते. एवढं सगळं गेलं, पण स्वतःचं नाव तेवढं शाबूत राहिलं. शेजारच्या कुणी पुरुषानं नावानं हाक मारली, की भरल्या ताटावरूनही "आलो" म्हणत उठायचे.

घरात मात्र ते नाव घेणारं कुणी नव्हतं. मुलगा रशियात बांधकामावर. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सुनेनं सासऱ्याचं घ्यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून बुरुलच्या तोंडून ते एकदाही निघालं नव्हतं. झोपेतसुद्धा नाही.

अजून ते रुंद, सपाट खडकावर होते. पांढरी उंच टोपी सावरत, इकडेतिकडे बघत, बकऱ्या शोधत होते. तिथूनच मागे फिरले असते तर काहीच झालं नसतं. बुरुल कठड्याशी धावली. शेजारी एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन शहर दाखवत होता.

"दादा, त्या आजोबांना जरा हाक मारा ना. नावानं मारा."

"मारतो की. नाव काय त्यांचं?"

बुरुलनं तोंड उघडलं आणि मिटलं. "ते... आमच्या कोपऱ्यावरचा रोटीवाला आहे ना, त्याचंच."

"कुठला रोटीवाला, ताई? मी जलालाबादचा. आजच आलोय."

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. रांग सोडून आल्या होत्या, म्हणजे त्यांनाही कळलं होतं. त्यांनी बुरुलचं कोपर घट्ट धरलं.

"तू नाव घेऊ नकोस हं. माझं पोर परमुलखात आहे. त्याला काही झालं तर कुठं जाशील?"

"मग तुम्ही घ्या, आई."

"मी? मी घेऊ?" सासूबाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तिनं त्यांना भर बाजारात डोक्यावरचा रुमाल सोडायला सांगितलं होतं.

"अहो, ऐकलं का," सासूबाईंनी हाक दिली. आवाज त्यांच्या रुमालाच्या टोकाइतकाच लांब गेला. जलालाबादचा माणूस पोराला खाली ठेवून "आजोबा, ओ आजोबा" म्हणून ओरडला. पुन्हा भलतेच म्हातारे वळले.

सपाट खडक जिथे संपतो तिथे एक खोल भेग आहे. सासऱ्यांनी पाय लांब टाकला आणि ती सहज ओलांडली. डोंगरात वाढलेला माणूस, जुनी सवय पायात होती. पलीकडे हातभर रुंदीची कड, आणि तिच्याखाली नुसती शहराची पत्र्याची छपरं. ते कडेवर उभे राहून खाली बघू लागले.

बुरुलनं कोपर हिसकावून घेतलं.

"तोक्तोसुन!"

केवढ्यानं ओरडली ती. सगळा डोंगर वळला, आणि सासरेही वळले. चेहरा उजळला. किती वर्षांनी त्यांना घरच्या बाईच्या आवाजात कुणी नावानं बोलावलं होतं.

"आलो गं," ते म्हणाले, आणि निघाले. त्यांना बुरुल दिसत होती. तिच्याकडे बघत, पायाखालची भेग न बघता, ते सरळ तिच्याकडे निघाले.

मग माणसं पायऱ्यांवरून खाली धावली. जलालाबादच्या माणसानं पोराचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं. सासूबाई कठड्याचा गज धरून तिथेच खाली बसल्या. बुरुल त्यांच्याशेजारी बसली. मारतील, शिव्या घालतील, पांढऱ्या पायाची म्हणतील, सगळ्याची तयारी ठेवून बसली.

सासूबाई अगदी हळू म्हणाल्या,

"घ्यायचंच होतं, तर आधीच का नाही घेतलंस?"