दारावरच्या घंट्या

"अण्णा, माइकपासून जरा लांब. इतके जवळ आलात तर श्रोत्यांना नुसता तुमचा श्वासच ऐकू जाईल," पाहुणा म्हणाला.

अण्णा खुर्चीसकट मागे सरकले. अंगात नवा शर्ट, दाढी गुळगुळीत, केस तेल लावून चापून बसवलेले. रेडिओवर केस दिसत नाहीत, हे मुलीने दोनदा सांगून पाहिलं होतं. पण अण्णा कुणाचं ऐकतील तर शपथ!

त्यांच्या मागची भिंत घंट्यांनी भरली होती. दारावरच्या, विजेच्या घंट्या. अण्णा जन्मभर इलेक्ट्रिशियन. बिल्डरने गल्लीतलं एकेक घर पाडायला घेतलं, तसे अण्णा ढिगाऱ्यात शिरून दाराची घंटी तेवढी सोडवून आणू लागले. घरी आणून पुसायची, तार जोडायची, भिंतीवर ठोकायची आणि खाली चिठ्ठी डकवायची: 'शिंपीणबाई', 'पोस्टमन', 'भांडकुदळ जोडपं'. बायको गेल्यावर तर हा नाद फारच वाढला. रिकाम्या घरात माणूस दुसरं करणार तरी काय?

गल्लीत आता एकटं अण्णांचं घर उभं होतं. सहीसाठी खेटे घालून बिल्डरच्या चपला झिजल्या. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "ही भिंत पाडायची असेल तर मला आत ठेवून पाडा."

तोडगा मुलीने काढला. गावातल्या साध्या माणसांच्या छंदांवर रेडिओवर एक कार्यक्रम लागायचा. अण्णा तो दर आठवड्याला न चुकता ऐकायचे. "तुमचीही गोष्ट लागू दे ना," मुलगी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी. अख्ख्या शहराने ऐकलं की घराला हात लावायची कुणाची छाती आहे?" अण्णांना ते पटलं. लेक आपल्या बाजूने उभी राहिली, याचाच त्यांना जास्त आनंद झाला.

"रेडिओवर तुमचा आवाज जाड वाटतो हो," अण्णा आता पाहुण्याला म्हणाले.

"यंत्राची करामत!" पाहुणा हसला. "आधी तुमच्या आवाजाची पातळी बघू. काहीही बोला. नाव सांगा, आज वार कोणता ते सांगा, सकाळी काय खाल्लंत ते सांगा."

अण्णांनी खणखणीत आवाजात नाव सांगितलं. "आणि वार म्हणाल, तर रविवार. रिटायर माणसाला सगळे रविवारच!"

पाहुणा हसला, तसा अण्णांना चेव आला.

"खाल्लं मात्र काही नाही बुवा. ही कार्टी मला उपाशी मारते!"

अंड्याची रिकामी बशी समोरच पडलेली होती. मुलगीही हसली आणि बशी उचलून आत ठेवून आली.

अण्णांनी शिंपीणबाईंची घंटी वाजवली. घशात काहीतरी अडकल्यासारखी ती खरखरली. मग ती कुठून आणली, तिची तार कशी कुजली होती, स्प्रिंग कशी बदलली, हे सगळं अण्णांनी इत्थंभूत सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

पाहुण्याने हात वर केला. "अण्णा, राग मानू नका. पण स्प्रिंग ऐकून कुणाला पाझर फुटत नाही. जरा तिखटमीठ लावा की. घंटी वाजली की काय होतं? कुणी येतं का?"

अण्णांनी दारात उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"सांगा ना, अण्णा," ती म्हणाली. "घराचा प्रश्न आहे."

अण्णांनी खाकरून घसा साफ केला.

"येतात की! घंटी वाजली रे वाजली की शिंपीणबाई हजर. गळ्यात टेप. म्हणतात, अण्णा, शर्ट सैल झालाय, टीप घालून आत घेते."

"त्या तर वारल्या ना?"

"मग? मेलेल्या माणसाला काय दारातच उभं ठेवायचं?"

"आणि काकू?"

"ती रोजच येते. म्हणते, सही करू नका हो, मी आल्यावर दार कुठलं उघडणार?"

हे वाक्य अण्णांनी तिथल्या तिथे रचलं होतं. पण म्हणून झाल्यावर त्यांनी खरोखरच डोळे पुसले. पाहुण्याने घाई केली नाही.

"समजा, बिल्डरची माणसं घर पाडायलाच आली, तर?" त्याने हळूच विचारलं.

"येऊ देत! दाराला करंट सोडून ठेवलाय. एकेकाला चिकटवतो की नाही बघा!"

कुठला करंट नि कुठलं काय! साधा फ्यूज बदलतानाही अण्णा आधी मेन स्विच बंद करत. पण गडी आता रंगात आला होता आणि शहर ऐकणार होतं.

"फक्कड!" पाहुण्याने यंत्र बंद केलं आणि वायर गुंडाळली.

"जरा जास्तच फेकलं का हो मी?"

"छे, छे. असंच हवं होतं."

"मग वाचेल म्हणता घर?"

"काळजीच सोडा, अण्णा."

अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. सोडवेचना त्यांना.

पाहुण्याला पोचवायला मुलगी बाहेर आली. तिने मागे दार ओढून घेतलं.

"एवढं पुरेल ना, डॉक्टर?"

"भरपूर आहे. वेड्यांच्या इस्पितळाची गाडी उद्या सकाळी येईल," तो म्हणाला. "बिल्डरला कळवून टाका, आता तुमच्या एकटीच्या सहीवर भागेल."